कानशिलात वाजणारे आप्पा

चौथीत आम्हाला एक मास्तर होते. "कानशिलात वाजवीन" म्हणायचे आणि बोलल्याप्रमाणे वाजवायचे. वाजली, की डोक्याच्या आतल्या आत एक बारीक, लांबलचक सूर लागायचा. शेजारच्या बाकावरच्या मुलाला फक्त 'फाट' ऐकू यायचं, सूर आपल्यापुरता. तो कुठून येतो याची चौकशी करण्याची ती वेळ नसे. पण कानशिलावर बाहेरून काहीतरी करून डोक्यात सूर उमटवायचा, हा एक रीतसर धंदा आहे, त्याच्या कंपन्या आहेत आणि लोक त्यासाठी रांगेने पैसे मोजतात, हे मला साठीला टेकल्यावर आमच्या खालच्या मजल्यावरच्या आप्पांकडून कळलं.

आप्पा शहात्तर वर्षांचे. डोंबिवली पूर्वेला आमची तीन मजली, बिनलिफ्टची सोसायटी आहे, तिच्या पहिल्या मजल्यावर जिन्याला लागून त्यांचं घर. या घराचं दार गेल्या तीस वर्षांत पूर्ण लागलेलं मी पाहिलेलं नाही. चार बोटं फट कायम असते. वारा येतो म्हणतात. आमच्या जिन्यात वारा येत नाही, माणसं येतात. आणि माणसं बोलत बोलत येतात.

यावरून आप्पा भोचक आहेत असा समज होईल, तर तो काढून टाका. भोचक माणूस विचारतो. आप्पांनी आजवर कोणाला "काय हो, मुलीचं जमलं का?" असं विचारलेलं नाही, कारण जमलं की फिसकटलं हे त्यांना मुलीच्या आईच्या आधी कळलेलं असतं. भोचकाला ऐकलेलं दुसऱ्याच्या कानात ओतल्याशिवाय झोप येत नाही. आप्पांच्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर आल्याचं उदाहरण नाही. ते केवळ श्रोते आहेत. भक्तीच्या नऊ प्रकारांत श्रवण पहिलं, आणि आप्पा पहिल्याच पायरीवर तृप्त होऊन बसले आहेत.

हे त्यांना नोकरीने लावलं. १९७० साली ते मुंबईच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले. डोक्याला हेडसेट, समोर भोकांचा बोर्ड आणि हातात दोऱ्या. लोक ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास ताटकळायचे. ऑर्डिनरी कॉल निवांत लागायचा, अर्जंटला जास्त पैसे, आणि लाइटनिंग म्हणजे घरात कोणीतरी गेलं किंवा शेअर बाजारात कोणीतरी गेलं. लाइन जोडून दिली की पलीकडचा आवाज नीट येतोय ना, हे ऑपरेटरला ऐकूनच ठरवावं लागायचं. आप्पा ते फार मन लावून ठरवायचे. तीन मिनिटं झाली की मध्ये तोंड घालून "थ्री मिनिट्स, वाढवायचे का?" असं विचारायचं. आप्पा सांगतात, की एखादी मुलगी रडत असेल तर ते तीनची साडेतीन होऊ द्यायचे. मला वाटतं, त्यात मुलीपेक्षा आप्पांची सोय जास्त होती. गोष्ट अर्धी राहिलेली त्यांना सहन होत नाही.

"पण आप्पा, कायदा होता ना?" मी एकदा विचारलं.

"होता की. १८८५ चा टेलिग्राफ ॲक्ट. खात्यातल्या माणसाने ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही. मी सांगितलंय कधी?"

कायद्याचा हा अर्थ आप्पांचा आहे, माझा नाही.

मग एसटीडी आलं. देशात पहिलं थेट डायलिंग १९६० साली लखनौ आणि कानपूरच्या दरम्यान सुरू झालं होतं. ते पसरत पसरत सगळीकडे पोचलं तशी ट्रंक बोर्डापुढची गर्दी ओसरली. लोक परस्पर बोलू लागले आणि आप्पा परस्परांतून वगळले गेले. उरलेली नोकरी त्यांनी बिलांच्या तक्रारी ऐकण्यात काढली. ऐकणंच ते, पण त्यात रस नव्हता. सगळ्यांची गोष्ट एकच, बिल जास्त आलं.

निवृत्तीनंतर दाराची फट होती, खाली आवारातला बाक होता, सकाळी नेहरू मैदानावरच्या फेऱ्या होत्या. पण आप्पा जवळ आले की लोक विषय बदलत. "या आप्पा, काय म्हणतंय हवामान?" हवामानावर तीस वर्षं ऐकलेल्या माणसाचं पोट भरत नाही.

आणि मग सुनेने ते यंत्र दिलं.

घरात कपडे मोठ्याकडून धाकट्याकडे उतरतात. यंत्रं धाकट्याकडून थोरल्याकडे चढतात. मुलाचा जुना फोन वडिलांना, नातवाचा टॅब आजीला. आप्पांची सून धावते. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये एकवीस किलोमीटरची शर्यत पळते, आणि त्यासाठी वर्षभर पहाटे रस्त्यावर असते. डोंबिवलीच्या रस्त्यावर कान बुजवून पळणं म्हणजे रिक्षावाल्यांच्या मर्जीवर जगणं, म्हणून तिने हे उघड्या कानांचे हेडफोन घेतले होते. तिने नवं मॉडेल घेतलं आणि जुनं सासऱ्यांकडे चढलं.

मानेमागून जाणारी टायटॅनियमची एक वाकडी पट्टी, ती कानांवरून पुढे येते आणि दोन्हीकडे कल्ल्यांच्या जागी, कानशिलाच्या हाडावर, एक एक चपटी गोळी टेकते. कानाच्या भोकात काही नाही. भोक मोकळं. गोळी थरथरते, हाड थरथरतं, आणि ती थरथर कानाचा पडदा, हातोडी, ऐरण, रिकीब ही सगळी शाळेतल्या आकृतीतली मंडळी बाजूला ठेवून थेट आतल्या शंखापर्यंत जाते. म्हणजे नेहमीच्या रस्त्याने न जाता गल्लीतून. डोंबिवलीकराला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही.

आप्पांनी कंपनीची कुंडली महिन्याभरात पाठ केली. नाव शॉक्झ. मूळ घर चीनमधलं शेन्झेन, सुरुवातीची अमेरिकेतली कचेरी न्यूयॉर्क राज्यात सिराक्यूसजवळ. २०११ पासून हे नाव होतं आफ्टरशॉक्झ. २०२१ संपता संपता त्यातलं 'आफ्टर' गळालं. "भूकंप झाल्यानंतर जे हादरे बसतात त्यावरून नाव होतं," आप्पा सांगायचे, "आता नुसता हादरा ठेवलाय." विलायतेत रस्ता पूर्ण बंद नसेल तर धावण्याच्या शर्यतीत कान बुजवणारे हेडफोन चालत नाहीत, हे मात्र चालतात, हेही त्यांना ठाऊक. पोहणाऱ्यांसाठीच्या मॉडेलात गाणी आतच भरून ठेवावी लागतात, कारण ब्लूटूथ पाण्यात टिकत नाही, हेही ठाऊक. आप्पांना पोहता येत नाही.

"वजन किती? सव्वीस ग्रॅम," असं म्हणून ते पट्टी काढून तुमच्या तळहातावर ठेवायचे. सव्वीस ग्रॅम म्हणजे अडीच तोळ्यांच्या वर. माईंनी, म्हणजे आप्पांच्या पत्नींनी, एकदा ते हातात तोलून पाहिलं आणि आपल्या मंगळसूत्राकडे एक नजर टाकली. बोलल्या काही नाहीत.

पुढचे दोन महिने आप्पांनी आम्हाला हाडांचा इतिहास ऐकवला. बेथोव्हेन बहिरा होत गेला तेव्हा दातात काठी धरून तिचं दुसरं टोक पियानोला टेकवायचा, अशी कथा सांगतात. त्याच्याही आधी, सोळाव्या शतकात इटलीतल्या कार्दानो नावाच्या वैद्य-गणितज्ञाने दातांतून आवाज ऐकू येतो हे लिहून ठेवलं होतं. आप्पांनी प्रयोग करायचा ठरवला. दुपारी माई झोपलेल्या असताना त्यांनी पेटी उघडली, एका हाताने भाता मारला, 'सा'ची पट्टी दाबली आणि लाटण्याचं एक टोक पेटीवर टेकवून दुसरं दातात धरलं. माई जाग्या झाल्या तेव्हा त्यांना नवरा पेटीवर ओणवा होऊन लाटणं चावताना दिसला. प्रयोग फसला. आप्पांच्या मते दोष कार्दानोचा नसून कवळीचा.

१९२३ साली ह्यूगो गर्न्सबॅक या माणसाने दातात धरून ऐकायचं यंत्र काढलं होतं, 'ऑसोफोन' नावाचं. पुढे विज्ञानकथांचं मासिक काढून तो नावारूपाला आला आणि आज त्या कथांना 'ह्यूगो' पारितोषिक मिळतं ते त्याच्याच नावाने. आप्पांचं म्हणणं, की दातात धरलं की बोलता येत नाही, हा त्या यंत्राचा एकमेव गुण कोणाच्या लक्षातच आला नाही.

त्यांची एक गोष्ट मात्र मला मनापासून पटली. आपला आवाज टेप करून ऐकला की तो कोणा किरट्या परक्याचा वाटतो, हा सगळ्यांचा अनुभव. कारण बोलताना आपण स्वतःला हवेतून ऐकतो तसं हाडांतूनही ऐकतो, आणि हाडं खर्ज भरतात. टेपमध्ये हाडं नसतात. म्हणजे आपला आवाज बरा आहे असं जे आपल्याला जन्मभर वाटत असतं, त्यात निम्मा वाटा कवटीचा. आमच्या सोसायटीत गणपतीच्या कराओकेला जे गातात त्यांना हे कोणीतरी सांगायला हवं. मी सांगणार नाही, मला तिथेच राहायचंय.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो. डोक्यावर पट्टी चढवलेला माणूस ऐकत नाही, असा एक सार्वजनिक समज आहे. तो मोडीत काढण्याचं आप्पांना काही कारण नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांच्या ध्यानात आलं, की लोक विषय बदलेनासे झालेत. बाकावर आप्पा डोळे मिटून बसलेले, मान हलतेय, म्हणजे आप्पा भीमसेनांच्या तोडीत बुडालेत, असं समजून शेजारी दोघं मोकळेपणाने बोलतात. आप्पांना एका वेळी दोन्ही ऐकू येतं: आतून तोडी, बाहेरून तिसऱ्या मजल्यावरच्या जावयाची नोकरी. चौतीस वर्षांचा गृहस्थ आपल्या बायकोला चुकवून फोनवर आईशी काय बोलतो, दुधाचा हिशेब कोण बुडवतं, कोणाच्या दम्याच्या पंपाचं औषध संपलं तरी मुलाला सांगायची हिंमत होत नाही; सगळं कानशिलापाशी येऊन थांबायचं. एक्स्चेंज पुन्हा सुरू झालं होतं. या वेळी दोऱ्या नव्हत्या एवढंच.

ही त्यांची बदमाशी होती का? मी त्यावर बराच विचार केला. आप्पा कान बंद असल्याचं सांगत नव्हते, फक्त उघडे असल्याचं सांगत नव्हते. आणि त्यातून काही बरंही निघालं. दम्याचा पंप दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांच्या दाराच्या कडीला पिशवीत लटकलेला होता. कोणी ठेवला हे त्यांना आजही माहीत नाही. हे वाचून कळेल.

पण पुनर्विकासाने घोटाळा केला. डोंबिवलीतल्या जुन्या इमारतीत राहणाऱ्या प्रत्येकाच्या आयुष्यात बालपण, लग्न आणि पुनर्विकास असे तीन टप्पे असतात. आमच्या कमिटीतले दोघे एका बिल्डरला गुपचूप भेटून आले होते. त्याने अडतीस टक्के जास्त कार्पेट एरिया देतो म्हटलं होतं. हे दोघे सभासदांना तीस सांगून हवा पाहणार होते. ही मसलत त्यांनी नेहरू मैदानाच्या कठड्यावर, आप्पांपासून दीड हातावर बसून केली. आप्पांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

सप्टेंबरात वार्षिक सभा झाली. 'तीस टक्के' हा आकडा सभेत मांडला गेला आणि टाळी पडायच्या आत आप्पांनी हात वर केला. "मला एवढंच विचारायचंय, की मधले आठ कुठे गेले?"

त्या दोघांची तोंडं पाहण्यासारखी झाली. आप्पांवर संशय घ्यायचं कारणच नव्हतं. आप्पा तर तोडी ऐकत होते. तेव्हा एकाने दुसऱ्याने फोडलं असं धरलं, दुसऱ्याने पहिल्याने. वर्षभर ते एकमेकांशी बोलत नव्हते. त्यामुळे आप्पांना ऐकायला एक कमी झालं, याचं त्यांना वाईट वाटे.

हाडातून ऐकण्याची एक गंमत अशी, की भोवती फार गोंगाट असला तर उघड्या कानातून तोच आत येतो आणि गाणं बुडतं. यावर कंपन्यांनी काढलेला उपाय अजब आहे. कान मोकळे ठेवणाऱ्या या हेडफोनच्या खोक्यात कान बंद करायचे बोळे दिलेले असायचे! छत्रीबरोबर रेनकोट द्यावा तसं. पण बोळे घातले की हाडातला आवाज एकदम भरदार होतो, खर्ज तर दुप्पट वाटतो. आत्ता दोन्ही कानांत बोटं घालून गुणगुणा, कळेल. कोणी पाहत नाही ना, एवढं बघा.

दुसऱ्या वर्षीची वार्षिक सभा. सहकार खात्याच्या नियमाने ती तीस सप्टेंबरच्या आत उरकावी लागते, आणि त्यातले बरेच दिवस गणपती खातात. उरलेल्या एका रविवारी संध्याकाळी खालच्या पार्किंगमध्ये आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या आणि त्याच मुहूर्तावर शेजारच्या मंडळाने मिरवणुकीचा डीजे तपासायला लावला. खांब थरथरत होते. विषयपत्रिकेवर हिशेब, मेंटेनन्स आणि नव्या सचिवाची निवड. आप्पांनी अंदाज घेतला. हिशेब त्यांना माहीत होता, मेंटेनन्स वाढणार हे माहीत होतं. त्यांनी खिशातून बोळे काढले, कानांत बसवले आणि मन्सूरांचं काही लावलं. आयुष्यात पहिल्यांदा आप्पांनी आपणहून कान बंद केले.

गृहनिर्माण संस्थेचं सचिवपद ज्यांच्याकडे नाही त्यांना ते काय असतं हे सांगून कळणार नाही. पाण्याचा टँकर, गळकी टाकी, पार्किंगमधलं मांजर, मेंटेनन्स थकवणारा आणि तोच तक्रारीचं पत्र देणारा, हे सगळं एका विनावेतन माणसाच्या नावावर. खुर्च्यांमधले सगळे आपापल्या चपला न्याहाळत होते. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "आप्पांना विचारा की." अध्यक्षांनी विचारलं. त्याच क्षणी मन्सूर समेवर आले असावेत. आप्पांनी डोळे मिटून, प्रसन्न मुद्रेने, अगदी खोलवर मान डोलावली.

"सर्वानुमते," अध्यक्ष म्हणाले, आणि लिहिलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीच्या किल्ल्या घरी आल्या तेव्हा आप्पांना कळलं. ते तसेच बनियनवर अध्यक्षांच्या दारात गेले. जिन्यात आम्ही सातआठ जण जमलो.

"मला काही ऐकूच आलं नाही! कानात बोळे होते!"

"आप्पा, असं कसं म्हणता?" अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुम्हाला त्या पट्टीमुळे एरवीही कुठे काही ऐकू येतं? तरी तुम्ही मान हलवताच. आम्ही नाही का चालवून घेत?"

आणि आप्पांचा तोल गेला. "एरवी सगळं ऐकू येतं! शब्दन्‌शब्द ऐकू येतो!"

जिन्यात जी शांतता पसरली, तेवढी आमच्याकडे मेंटेनन्स वाढवायच्या ठरावालाही पसरत नाही. प्रत्येक जण मनातल्या मनात दोन वर्षं मागे जाऊन बाकावर बसला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते कमिटीतले होते. वर्षाने त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई न बोलता वर निघून गेल्या. मी स्वतः बायकोच्या माहेराविषयी त्या बाकावर काय काय बोललो होतो ते आठवायला लागलो आणि बराच वेळ आठवतच राहिलो.

सचिवपद आप्पांकडेच राहिलं. गंमत म्हणजे ते उत्तम चालवतात; कुठे गळतंय हे त्यांना पाण्याच्या आधी कळतं. पण बाक ओस पडला. आप्पा पट्टी चढवून येताना दिसले की माणसं उठून जाऊ लागली. महिनाभर हे चाललं आणि एक दिवस पट्टीच दिसेनाशी झाली.

त्याचं कारण माई.

माईंना ऐकू येत नाही, हे मी आतापर्यंत सांगितलं नाही, कारण आमच्याकडे ते कोणी सांगतच नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. ऐन तिशीत सुरुवात झाली आणि पन्नाशीपर्यंत कानावर पडदा पडला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तेव्हाच नादकाटा वाजवून कानापुढे धरला, मग कानामागच्या हाडावर टेकवला. पुढे धरला तर ऐकू येत नव्हतं, हाडावर येत होतं. आतली रिकीब जागच्या जागी घट्ट झाली आहे, शस्त्रक्रिया करता येईल, असं ते म्हणाले. "कानात सुरी नको," माई म्हणाल्या. हाडात स्क्रू बसवून त्यावर श्रवणयंत्र लावायची रीत स्वीडनमध्ये १९७७ साली सुरू झाली, पण ज्यांना सुरी नको त्यांना स्क्रू कसा चालणार? साधं श्रवणयंत्र आणलं, ते शिट्ट्या मारायचं. ते कपाटात गेलं.

आता आप्पांच्या पोटात गोष्टी का राहत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मी इतकी वर्षं त्याला सद्‌गुण समजत होतो. एरवी नवरा ऐकलेलं सगळं रात्री बायकोला सांगून मोकळा होतो. आप्पांना माईंना काही सांगायचं तर ओरडून सांगावं लागे, आणि त्या दाराच्या फटीतून ओरडून सांगितलेलं गुपित तिसऱ्या मजल्यापर्यंत जातं. गेली कित्येक वर्षं ते घरी एवढंच ओरडत आले होते: "चहा! गोळी घेतलीस का! दार वाजतंय!"

एका दुपारी नागपूरहून मुलीचा फोन आला. माई नेहमीप्रमाणे फोन कानाला लावून "काय? काय म्हणतेस?" करत होत्या. आप्पांची पट्टी टीपॉयवर रिकामी पडली होती. त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ती उचलून माईंच्या डोक्यावर चढवली आणि गोळ्या कानशिलांवर नीट टेकवल्या. माई दोन क्षण गप्प झाल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, ओरडू नकोस. ऐकू येतंय."

हे सगळ्यांना लागू नाही, हे सांगायला हवं. आप्पांनी उत्साहात ती पट्टी आवारातल्या तीन म्हाताऱ्यांच्या डोक्यावर चढवून पाहिली. वयाने आतला शंखच थकलेला असला तर हाडाच्या गल्लीनेही काही पोचत नाही. दोघांनी मान हलवून नकार दिला. तिसऱ्याने मान हलवली, पण ती आप्पांच्या समाधानासाठी होती. ज्यांची वाट बाहेरच्या बाजूला अडलेली आहे आणि आत सगळं शाबूत आहे, त्यांनाच ही गल्ली उपयोगी. माई त्यातल्या निघाल्या. पट्टी त्यांच्या डोक्यावर गेली ती परत उतरली नाही. अडीच तोळ्यांचा हिशेब असा पुरा झाला.

आता रोज दुपारी साडेतीनला आप्पा स्वयंपाकघरात मोबाइल घेऊन बसतात आणि बाहेरच्या खोलीत बसलेल्या माईंना फोन लावतात. दोघांमध्ये एक भिंत आणि एक पडदा. आप्पा कुजबुजतात, माई ऐकतात. १९७० पासूनचं साठलेलं आहे, ते क्रमाने चाललंय. गेल्या आठवड्यात १९७८ साल आलं, असं माई माझ्या बायकोला म्हणाल्या. मध्येच आप्पा जुन्या सवयीने "थ्री मिनिट्स" म्हणतात, आणि माई म्हणतात, "वाढवा."

राहता राहिले आप्पांचे कान. ते उघडे पडले. उघड्या कानांच्या माणसापुढे लोक हवामानावर बोलतात. म्हणून त्यांनी नातवाच्या खणातून जुन्या फोनचे पांढऱ्या तारेचे इअरफोन शोधून काढले. त्यांच्या आतलं सगळं त्यांनी पिनेने उकरून टाकलंय आणि बुंधे पोकळ केलेत. बाकावर बसताना ते कानांत घालतात. कानातली पांढरी तार सगळ्यांना ओळखीची आहे, तिचा अर्थ सगळ्यांना एकच माहीत आहे. लोक पुन्हा शेजारी येऊन बसू लागलेत. तार सदऱ्याच्या खिशात जाते. खिशात फोन नसतो, टाकीची किल्ली असते.

हा लेख लिहून झाल्यावर मी काल संध्याकाळी बायकोला वाचून दाखवला. खिडक्या लावून घेतल्या होत्या, दार मात्र उकाड्यामुळे किंचित उघडं होतं. आज सकाळी दूध आणायला उतरलो तर आप्पा जिन्यात उभे. म्हणाले, "चांगलं झालंय. फक्त पट्टीचं वजन तू पंचवीस ग्रॅम लिहिलंयस, ते सव्वीस कर."

केलं आहे.